गुंडण्णांनी घासलेली चाकं

आमच्या मल्लेश्वरमच्या गल्लीत कुणाकडे मुंज-लग्न असलं की पंगतीत गुंडण्णांच्या शेजारचं पान रिकामं राहायचं. माणूस वाईट म्हणून नव्हे हो! माणूस सोन्यासारखा. पण तुमच्यापुढचा पाण्याचा पेला ते उचलणार, उजेडाकडे तिरका धरणार, “स्वल्प किटण आहे” म्हणणार आणि उपरण्याच्या टोकानं घासायला लागणार. तुमचा सारभात संपून ताक वाढायला आलं तरी पेला काही परत यायचा नाही. मी एकदा म्हणलं, “गुंडण्णा, पेला द्या, नाहीतर तुमच्या टकलावर पाणी ओतून पिते, तेही चकचकीतच आहे.” सगळी पंगत हसली. तेही हसले. पेला काही दिला नाही.

नाव गुंडो. घरात मराठी, दारात कन्नड, अशा आमच्या जुन्या बंगळूरी घरांतलं एक त्यांचं. गुंडोचा गुंडण्णा कधी झाला ते त्यांच्या आईलाही सांगता आलं नसतं. घड्याळाच्या कारखान्यात पॉलिशच्या खात्यात सव्वीस वर्षं काढली. घड्याळाची पाठ अशी घासायची की बघणाऱ्याला त्यात स्वतःची पापणी दिसली पाहिजे. नखांच्या कडा कायम काळ्या. सत्यवती, त्यांची बायको, म्हणायची, “लग्नात मला वाटलं, यांनी हाताला शाई लावलीय.”

पंच्याण्णव साली कारखान्यानं स्वखुशीनं निवृत्त व्हायची योजना काढली. स्वखुशी कसली ते तुम्हाला कळतंच. गुंडण्णा घरी बसले. म्हणजे बसले नाहीत, हेच तर सत्यवतीचं दुखणं. आधी देवघर झालं, मग स्वयंपाकघर, मग दाराच्या कड्या, मग शेजाऱ्यांच्या स्कूटरचे आरसे. एक दिवस ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, “अक्का, आज त्यांनी पोळपाट घेतला हो घासायला. लाकडाचा पोळपाट!”

पण एक गोष्ट होती. श्रावणात आराधनेच्या, म्हणजे स्वामींच्या पुण्यतिथीच्या, आधी मठातली चांदीची प्रभावळ घासायचा मान त्यांच्या घराचा होता. आजोबांनी घासली, वडिलांनी घासली, आता हे. दोन दिवस सोवळ्यात, एकवेळ जेवून, तोंडातून शब्द न काढता. त्या दोन दिवसांत मी कितीही चिडवलं तरी नुसते डोळ्यांनी हसायचे.

त्यांचा एक सिद्धांत होता. धातूवर जे काही बसलंय ते किटण. ते काढलं की खाली खरी वस्तू. चांदी असो, पितळ असो, घड्याळाची पाठ असो, सव्वीस वर्षं कारखान्यात आणि जन्मभर मठात हे खरंच ठरलं होतं. झाकून ठेवायला हवा असा धातू या माणसानं कधी हातात धरलाच नव्हता. पुढचं सगळं त्यातून झालं.

सत्त्याण्णव साली आमच्या माडीवर भाडेकरू आले, शंतनु आणि श्वेता. पुण्याची पोरं. तो कंप्युटरमध्ये. काम काय करतो ते त्यानं मला तीनदा समजावलं, मी तिन्ही वेळा “हो का!” म्हणलं. गुणी पोरं, पण एक वेड होतं. जे. पी. नगरमध्ये आखाती देशातून परतलेल्या कुणाकडून त्यानं एक भलीमोठी परदेशी जीप घेतली. चढायला मला आधी पाट, मग स्टूल, मग शंतनुचा खांदा. आणि रविवार आला की चांगला डांबरी रस्ता सोडून ही मंडळी मुद्दाम चिखलात जायची, रुतायची, दोर लावून बाहेर निघायची आणि आनंदानं घरी यायची. आमच्या यांना वाटलं, पोराला घरी काही त्रास आहे की काय.

“मावशी, चाकं बघा,” शंतनु म्हणाला. “अॅल्युमिनियमची आहेत. ओरिजिनल फॅक्टरीची.”

“माझा कुकर पण,” मी म्हणलं.

त्या मे महिन्यात गुंडण्णा आमच्याकडे कॉफी प्यायला आले होते. जीप समोर उभी. आता बघा, मला गप्प बसायला काय झालं होतं? पण दुपार लांब होती आणि माणूस हाताशी होता. मी म्हणलं, “काय हो गुंडण्णा, एवढी मोठी गाडी, पण चाकांत तोंड काही दिसत नाही. कारखान्यात म्हणे तुमच्या हातात जादू होती. आता गेली वाटतं.”

त्यांनी कॉफीचा पेला खाली ठेवला. अर्धा भरलेला! जीपभोवती एक फेरी मारली. खाली बसले, चाकावर नख ओढून पाहिलं, नखाचा वास घेतला. “पिवळट थर आहे, अक्का,” म्हणाले. “कित्येक वर्षांचा.”

शंतनुला विचारलं तर तो म्हणाला, “काका, बिनधास्त करा. तुमच्यासारखा माणूस कुठं मिळणार मला!”

नऊ दिवस लागले. सकाळी सहाला येऊन पाट टाकायचे. आधी पाण्यात भिजवलेला खरखरीत पॉलिश पेपर, मग बारीक, मग त्याहून बारीक, मग पेस्ट, मग लोकरीचा नमदा, आणि शेवटी स्वतःचं जुनं धोतर, कारण नवं कापड ओरखडे पाडतं म्हणे. खाचांत टूथब्रश, आणि ब्रश पोचत नाही तिथं कडुलिंबाची काडी. पहिल्याच दिवशी तो थर सुटला. कांद्याच्या पापुद्र्यासारखा. त्यांनी तळहातावर घेऊन मला दाखवला. “बघा अक्का, केवढं किटण! कंपनीनं साफ न करताच पाठवलीत चाकं.”

“परदेशी लोकांना सोवळंओवळं कुठलं असायला!” मी म्हणलं. दोघंही हसलो.

चार चाकं झाली. पाचवं मागच्या दाराला कव्हरात झाकलेलं. ते म्हणाले, हे कुणाला दिसतंय, सावकाश बघू.

आणि काय सांगू तुम्हाला, काय दिसत होती ती चाकं! गल्ली लोटली बघायला. श्वेतानं ऑफिसला जाताना चाकात बघून टिकली नीट केली. मी पण केली, कुणी नाही बघून. शंतनुनं गुंडण्णांना चाकाशेजारी बसवून फोटो काढला. तीन आठवडे गुंडण्णा गल्लीतून असे चालत होते की कारखान्यानं परत बोलावलंय जणू.

मग पाऊस लागला. पंधरा दिवसांत चाकं मंद झाली. मग त्यांच्यावर पांढरी भुकटी आल्यासारखं दिसायला लागलं. गुंडण्णा रोज येऊन पुसायचे, दुसऱ्या दिवशी परत तेच. एक दिवस त्यांनी मला हाक मारली आणि मागच्या चाकाचं कव्हर काढलं. पाचवं चाक जसं होतं तसं. पिवळट, पण एक डाग नाही.

संध्याकाळी ते प्राणेशकडे गेले. प्राणेश म्हणजे कारखान्यात मुलामा द्यायच्या खात्यात होता, त्याला या गोष्टी माहीत. परत आले ते थेट माझ्या स्वयंपाकघराच्या दारात.

“अक्का, ते किटण नव्हतं.”

“मग काय होतं?”

“लेप. काचेसारखा, आरपार दिसणारा. कंपनी मुद्दाम चढवते, भट्टीत भाजून. तोच पाणी आणि चिखल अडवतो. जुना झाला की पिवळा पडतो एवढंच.” भिंतीला टेकून उभे राहिले. “मी घाण नाही काढली, अक्का. मी त्यांची कातडी सोलली.”

“परत चढवता नाही येणार?”

“हातानं नाही. इथं कोण करतं ते प्राणेशलाही माहीत नाही. मी शंतनुला सांगून टाकतो.”

आणि इथं, बघा, इथं मी म्हणलं, “गप्प बसा हो. त्या पोराला काय कळतंय? एवढे फोटो काढलेत त्यानं. उगीच त्याचा जीव कशाला खाली-वर करायचा? अॅल्युमिनियमचं पातेलं काळं पडलं की मी चिंच उकळते त्यात, पांढरं शुभ्र होतं. चिंच लावा.”

सांगायला निघालेला माणूस मी दारातून परत वळवला. त्यांची बाजू घ्यायची असेल तर एवढं लक्षात ठेवा.

मग आमचं चोरकाम सुरू झालं. शंतनु आठाशिवाय उठायचा नाही. गुंडण्णा साडेपाचला यायचे, मी भिजवलेल्या चिंचेचा गोळा द्यायची, ते चाकं घासायचे, धुवायचे, पुसायचे, शंतनु खाली येईपर्यंत चाकं बरी दिसायची. खरं सांगू, मला मजाच वाटत होती. “चिंच संपली हो, आता आमटीत तुमचं टक्कल पिळते,” असं काहीतरी बडबडायची मी. ते हसायचे नाहीत. मी आपली हसायची.

आता संताजींबद्दल सांगायला हवं. आमच्या गल्लीत आमच्यासकट सात घरच्या गाड्या रोज सकाळी संताजी धुवायचे. वय पन्नाशीचं. श्रीरामपुरमला घर. म्हणायचे, आमचे वाडवडील घोडदळात इथं आले, घोडे धुवायचे, मी गाड्या धुतो. मी त्यांना संताजीराव म्हणायची, थट्टेनंच. बायको सकवारबाई आठव्या क्रॉसच्या रस्त्यावर फुलं विकायची आणि सकाळी घरोघर माळा टाकून जायची. सात गाड्या आणि फुलं, एवढ्यावर त्यांचं घर चालायचं.

जुलैमध्ये शंतनु मित्रांबरोबर जीप घेऊन दहा दिवस घाटांत, पावसात, चिखलात गेला. दहा दिवस चिंच नाही, पुसणं नाही. परत आला त्या दुसऱ्या दिवशी सकाळी संताजींनी वाळलेला चिखल धुऊन काढला, आणि खालून चाकं दिसली. पांढरे चट्टे, मध्ये काळे ठिपके, देवी आल्यासारखी. मी व्हरांड्यात तांदूळ निवडत होते. गुंडण्णा फाटकाशी पेपर घेऊन उभे. शंतनु खाली आला.

“संताजी, हे काय केलंत?” आवाज चढवला नाही त्यानं. ही पुण्याची पोरं हळू आवाजातच रागावतात.

“काय केलं साहेब?”

“चाकांची वाट लागली सगळी. कसला साबण वापरता? सोडा घालता का त्यात?”

“सोडा कशाला घालू? सात गाड्यांना तोच साबण. मागचं चाक पण मीच धुतो की दर सोमवारी, कव्हर काढून. बघा, त्याला काय झालंय का?”

“ते झाकलेलंच असतं हो! ही चार गुंडोकाकांनी नऊ दिवस राबून आरशासारखी केली होती.”

संताजी गुंडण्णांकडे वळले. “अण्णा, तुम्ही सांगा की. तुम्हाला धातूतलं कळतं.”

गुंडण्णांचं तोंड उघडलं. मी पाहिलं ना, उघडलं होतं. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग हातातल्या पेपरकडे, आणि तोंड मिटलं.

आणि मी काय केलं? सांगते, सांगते. या वाक्यापाशी आलं की मला नेहमी काहीतरी दुसरं सांगावंसं वाटतं. मी तांदळातला खडा टाकला आणि म्हणलं, “हल्ली या साबणांत सोडा फारच असतो बाई. परवा माझं पातेलं काळं पडलं.”

पातेलं काळं पडलं होतं, ते खरं. पण संताजींचा साबण मी जन्मात हातात घेतला नव्हता.

संताजींनी बादली गटारापाशी नेऊन ओतली. फडकं पिळलं, बादलीच्या कडीवर टाकलं. “सरी, बरं,” म्हणाले आणि गेले.

शंतनुनं बाहेर कुणाला सांगितलं नाही. मी पण नाही. म्हणजे समोरच्या घरातून विचारलं, “संताजीनं जीपची चाकं खराब केली म्हणे?” तेव्हा मी “अय्यो, आता काय बोलायचं!” एवढंच म्हणलं. तेवढं पुरतं आमच्या गल्लीला. एकाची गाडी नवी, दुसऱ्याची जावयाची, कुणाला धोका नको. कुणी भांडलं नाही, कुणी ओरडलं नाही. “बेडा संताजी, नको, सध्या आम्हीच धुतो,” असं एकेका फाटकातून झालं. महिना भरायच्या आत एकटे डॉक्टर राहिले, तेही त्यांची गाडी इतकी जुनी की तिला कुणी काय करणार!

एक दिवस सकवारबाई माळ घेऊन दारातच उभी राहिली. “अक्का, आमच्या घरात सोडा नाही,” म्हणाली. “डाळ शिजवायला पण मी घालत नाही.”

मी माळ घेतली आणि आत गेले. देवांना घातली, आणि कॉफी केली. पण कॉफी काही गोड लागेना. साखर तीनदा घातली.

आराधना पंधरा दिवसांवर आली. मठातून जयतीर्थाचार्य स्वतः चालत गुंडण्णांच्या घरी आले. “गुंडो, प्रभावळ कधी घेतोस?” तर हे म्हणाले, “यंदा नको आचार्य. गुडघे धरलेत.” आचार्य चकित. सत्यवती धावत माझ्याकडे. “अक्का, गुडघ्यांना काही झालेलं नाही! काल माळ्यावर चढून भोपळे काढले त्यांनी. महिना झाला, घरातलं एक भांडं घासलेलं नाही. मला भीती वाटतेय हो.”

मी गेले. “काय हो, तुम्ही पण संपावर गेलात का?” म्हणत गेले, कारण दुसरं काही म्हणत जाणं मला जमत नाही. ते पलंगावर बसले होते, दोन्ही हात मांड्यांखाली घालून. शाळेत मास्तर छडी मारणार असले की मुलं बसतात ना, तसे.

“या हातांनी देवाची चांदी कशी घासू अक्का? त्यानं मला विचारलं. भर गल्लीत, तुम्हाला धातूतलं कळतं म्हणून विचारलं.”

“मी पण होते की तिथं. मी तर बोलले पण.”

“होतात. पण विचारलं मला होतं.”

मी बरंच काही सुचवलं. संताजींना दुसऱ्या गल्लीत काम बघून देऊ, आमच्या भाच्याची हेब्बाळला ओळख आहे, तिथं सांगू. ते ऐकत होते, पण मान हलत नव्हती. शेवटी म्हणाले, “आणि त्याचं नाव? ते इथं या गल्लीत पडलंय, अक्का. हेब्बाळला कसं सापडेल?”

मी हेब्बाळचं तिथंच सोडून दिलं, न भांडता. मी! सत्यवती दारातून बघत होती, तिला पण आश्चर्य वाटलं असणार.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं माडीवर गेलो. गुंडण्णांनी सगळं सांगितलं, लेप, पापुद्रा, प्राणेश, चिंच, सगळं. उभ्यानं सांगितलं. शंतनु खुर्ची पुढे करत होता, ते बसले नाहीत. मला वाटलं आता पोरगा घर सोडून जातोय.

तो हसला हो. “एवढंच? अहो काका, मला वाटलं काय झालं! चाकंच तर आहेत. टेन्शन नका घेऊ. माझ्या मित्रांना तर असा रफ लुकच आवडतो.” मग आठवल्यासारखं म्हणाला, “अरे हां, ते संताजी. सॉरी म्हणा त्यांना. उद्यापासून या म्हणावं.” आणि श्वेताला विचारलं, “आपण काकांना चहा दिला का?”

जिना उतरताना गुंडण्णा मध्येच थांबले. कठडा धरला. “त्याला काहीच वाटलं नाही, अक्का. एवढ्याशासाठी मी गप्प बसलो होतो.”

तसेच श्रीरामपुरमला गेलो, ऑटोनं. संताजी दारात सायकलची साखळी बसवत होते. सकवारबाईनं आम्हाला बघून टोपली आत नेली. बसा म्हणाली नाही. गुंडण्णांनी परत सगळं सांगितलं. संताजींनी साखळी बसवून पूर्ण केली, पायडल एकदा फिरवून पाहिलं, हात पुसले.

“शंतनुनं सॉरी म्हणलंय,” गुंडण्णा म्हणाले. “उद्यापासून या म्हणालाय.”

“आणि बाकीची?”

“त्यांना पण कळेल हळूहळू,” मी मध्ये बोलले.

“माझं नाव गेलं ते हळूहळू नाही गेलं, अक्का. महिन्यात गेलं.” मग गुंडण्णांकडे बघून म्हणाले, “अण्णा, मला सांगून काय उपयोग? मी थोडंच मला कामावरनं काढलंय? सात फाटकं आहेत. तिथं उभं राहून सांगा. मी संगं येतो.”

“डॉक्टरांकडे पण?” गुंडण्णांनी विचारलं. “त्यांनी तर काढलं नाही.”

“काढलं नाही. पण ऐकलं तर असेल की.”

रविवारी नऊ वाजता, सगळे घरात असतात त्या वेळी. संताजी इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले. हातात बादली नव्हती. तसे मी त्यांना कधी पाहिलेच नव्हते. गल्लीच्या त्या टोकापासून सुरुवात करायची, आमचं घर शेवटी, हे त्यांनीच ठरवलं. मी का गेले? कुणी बोलावलं नव्हतं. पण घरात बसवेना.

पहिल्या फाटकाशी गुंडण्णांनी कन्नडमध्ये सांगितलं, की जीपची चाकं मी बिघडवली, यांचा काही दोष नाही, मला माहीत असून मी गप्प बसलो. बँकेतून निवृत्त झालेले साहेब आणि त्यांची बायको. “अय्यो गुंडण्णा, परवागिल्ला, जाऊ द्या हो, किती मनाला लावून घेता!” ती म्हणाली. दुसऱ्या फाटकाशी, “हे सांगायला आलात? तुम्ही म्हणून आलात. दुसरा कोणी आला नसता.” तिसऱ्या घरी तर आजीबाईंनी गुंडण्णांना आत बोलावून पेढा देऊ केला. “केवढं मोठं मन!”

आणि संताजी मागे उभे. सगळीकडे. त्यांच्याशी कुणी एक अक्षर बोलेना. बोलावं हे कुणाला सुचतच नव्हतं, आणि खोटं कशाला बोलू, तिसऱ्या घरापर्यंत मलाही सुचलं नव्हतं.

चौथ्या फाटकात एक इंजिनिअर राहायचे. त्यांनी गुंडण्णांच्या खांद्यावर हात ठेवला. “चूक कबूल करायला हिंमत लागते, गुंडण्णा.”

तर गुंडण्णा ओरडले. इतक्या वर्षांत मी त्यांचा चढलेला आवाज ऐकला नव्हता. “मला नका सांगू! मला काय सांगताय! यांच्याकडे बघून बोला!”

इंजिनिअरांचा हात खाली आला. त्यांनी संताजींकडे पाहिलं, मग जमिनीकडे, मग परत संताजींकडे. “चुकलंच आमचं,” म्हणाले. “उद्यापासून या.” संताजींनी मान हलवली.

त्यानंतर गुंडण्णा मागे फिरले. परत पहिल्या फाटकापासून! म्हणाले, ती तीन झालीच नाहीत. या वेळी त्यांनी संताजींना पुढे उभं केलं आणि स्वतः मागे राहून सांगितलं. पेढेवाल्या आजींनी पदर सावरला, “ये रे बाबा उद्यापासून” म्हणाल्या. बँकवाल्यांनीही या म्हणलं. दुसऱ्या घरी मात्र घरातले एकमेकांकडे बघायला लागले. “आता दुसरा माणूस ठेवलाय हो,” ते म्हणाले. “त्याचा काय दोष? त्याला कसं काढणार?” पुढं पाचव्या घरी पण तेच. यावर काय उत्तर आहे? गुंडण्णा तिथं उभेच राहिले, जणू उभं राहिलं की काही सुचेल. शेवटी संताजीच म्हणाले, “चला अण्णा, ऊन होतंय.”

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि संताजींना विचारलं, “मला आधी का नाही सांगितलंत?” संताजी म्हणाले, “सांगितलं असतं तर तुम्ही खरं मानलं असतं?” डॉक्टर म्हणाले, “नसतं मानलं.” मला ते आवडलं.

प्रभावळीचं काय झालं ते विचाराल. त्या वर्षी जयतीर्थाचार्यांनी स्वतः घासली. गुंडण्णा शेजारी बसून कापड कुठं, किती दाबून फिरवायचं ते सांगत होते. हात लावला नाही. पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी बघू, म्हणाले.

तर आमचं फाटक. सातवं. आमचे हे टॉवेल गुंडाळून व्हरांड्यात आले होते, वर शंतनु गॅलरीत ब्रश करत उभा. त्याला चाकांचं सगळं माहीत, यांना मी आदल्या रात्री सांगितलेलं. गुंडण्णा दमले होते. संताजी माझ्याकडे बघून म्हणाले, “इथं कुणाला सांगायचं?”

“इथं मीच सांगते,” मी म्हणलं.

बोलायला मला कधी अडचण पडली नाही हो. शब्द माझ्या तोंडात गर्दी करतात. त्या दिवशी एकेक शोधावा लागला. “सोड्याचं मी बोलले,” मी म्हणलं. “तुमचा साबण मी पाहिला नव्हता. चाकं कशानं बिघडली ते मला ठाऊक होतं. ठाऊक असून बोलले. आणि गुंडण्णा सांगायला निघाले होते त्या दिवशी त्यांना मीच गप्प केलं.”

वरून शंतनुचा ब्रश थांबला. हे त्याला माहीत नव्हतं.

संताजींनी माझ्याकडे पाहिलं. रागावलेले दिसले नाहीत, आणि निवळलेलेही नाहीत.

“सोड्याचं मला माहीत होतं अक्का,” ते म्हणाले. “मी तिथंच उभा होतो की, बादली घेऊन. तुम्ही बोललात तेव्हा.”

खरंच की. चार हातांवर उभे होते. आणि मी महिनाभर समजत होते की ते वाक्य मी शंतनुला म्हणलं.

दुसऱ्या दिवशी गल्लीत परत बादली वाजली. डॉक्टरांकडे, इंजिनिअरांकडे, आजींकडे, बँकवाल्यांकडे. आमच्या फाटकापुढून ते सायकल हातात धरून चालत पुढे गेले. शंतनुनं वरून हाक मारली, तर हात वर करून “नको साहेब” म्हणाले. नुसतं तेवढंच.

आता जीप गुंडण्णा धुतात. साध्या पाण्यानं. मी नळी धरते.